काळ काही जपत नाही, माणसं जपतात

महोदय,

'सर्वांत चिरंतन कलाकृती कोणती' या आपल्या मतदानावरून चाललेल्या वादातली पत्रं मी आवर्जून वाचते आहे. मतं निरनिराळी असली तरी बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: अस्सल असेल ते आपोआप टिकतं, काळ हाच खरा परीक्षक. मला हे मुळीच मान्य नाही. काळ काही जपत नाही. माणसं जपतात, आणि त्यांनी हात काढून घेतला की उत्तमातलं उत्तमही नाहीसं होतं.

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसने शंभराहून अधिक नाटकं लिहिली. त्यातली पूर्ण स्वरूपात उरली फक्त ७. बाकीची सुमार होती म्हणून गेली, असं कोण म्हणेल? शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला तेव्हा 'मॅकबेथ' आणि 'ज्युलियस सीझर' छापलेलीच नव्हती. हेमिंग्ज आणि काँडेल या त्याच्या नाटकमंडळीतल्या दोन नटांनी पुढे सगळी जुळवाजुळव केली, म्हणून १६२३ चा तो संग्रह निघाला आणि १८ नाटकं पहिल्यांदा छापून आली. या दोघांची नावं किती जणांना ठाऊक असतात? मेलव्हिलच्या 'मॉबी डिक'ची कथा तशीच. लेखक १८९१ मध्ये वारला तेव्हा तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. कादंबरीचं मोठेपण लोकांना पटलं ते १९२० च्या दशकात. आपल्यासारखं मतदान त्याच्या हयातीत कुणी घेतलं असतं तर तिला यादीत जागा मिळालीच नसती.

एका वाचकाने लिहिलं आहे की लोकप्रिय असतं ते अल्पायुषी असतं. शेरलॉक होम्स पाहा. कॉनन डॉयलला स्वतःच्या ऐतिहासिक कादंबऱ्या अधिक मोलाच्या वाटत. १८९३ मध्ये त्याने होम्सला संपवलंही. वाचकांनी ते मानलं नाही, आणि १९०३ मध्ये होम्सला परत यावं लागलं. आज त्या ऐतिहासिक कादंबऱ्या कितीजण वाचतात?

सर्वांत जास्त सांगावंसं वाटतं ते 'पंचतंत्रा'विषयी. सहाव्या शतकात ते पहलवी या इराणातल्या जुन्या भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने त्यावरून अरबी 'कलीला व दिम्ना' लिहिलं, आणि तिथून ते ग्रीक, हिब्रू, लॅटिनपर्यंत पोचलं. मूळ संस्कृत पाठ आज आपल्या हाती नाही. ते पहलवी भाषांतरही हरवलं आहे. गोष्टी मात्र जिवंत आहेत, कारण प्रत्येकाने त्या आपल्या मानून पुढे सांगितल्या. संस्कृतात कारस्थानी कोल्हा दमनक शेवटी मंत्रिपदावर बसतो. अरबीत त्याच्यावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. हे प्रकरण इब्न अल्-मुकफ्फाने स्वतः घातलं असावं, असं अभ्यासक मानतात. रूपांतराने मूळ कृती बाटते म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

चित्रपटांचं तर विचारूच नका. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच आज शिल्लक आहे. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तिथल्या मूकपटांपैकी साधारण ७० टक्के पूर्णपणे गेले आहेत. त्यांत काय काय होतं, ते चिरंतन ठरलं असतं का, हे आता ठरवता येणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं. ज्यांना ते जपता आलं असतं त्यांनी जुन्या रिळांना किंमत दिली नाही.

म्हणून एक विनंती. यादी करायचीच असेल तर गेल्या तीसेक वर्षांतल्या कृती वेगळ्या ठेवा. त्यांच्याविषयी बोलायला अजून वेळ आहे. आणि प्रत्येक मत देणाऱ्याला एक प्रश्न विचारा: ही कृती तुम्ही कुणाला वाचायला दिलीत, कुणाला सांगितलीत, कुणासोबत बसून पाहिलीत? ज्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर असेल त्यांची पत्रं आधी छापा. माझं मत 'पंचतंत्रा'ला.

आपली,
एक नियमित वाचक