अक्का, डबा रिकामाच परत करा

अक्का,

समोर आभार मानले तर "चल गं, काय बी" म्हणून उठून जाल, म्हणून लिहिते.

तुमच्याआधी एक रेकीवाले सर, म्हणजे हात ठेवून ऊर्जा देतो म्हणणारे, येऊन गेले होते. आधी पाकीट घेतलं, मग डोळे मिटले, आणि जाताना म्हणाले, घरातली ऊर्जा निगेटिव्ह आहे, गोळ्या बंद करा. अर्धांगाचा झटका आलेल्या बाईच्या बीपीच्या गोळ्या! दादा तर त्यांना जिन्यावरून ढकलायलाच निघाला होता. तेव्हा तुम्हीही रेकी द्यायला येणार म्हटल्यावर मी तोंड वाकडंच केलं होतं, माफ करा.

एप्रिलमधली दुपार. पत्रा नुसता पेटलेला, आईनं कुस्करलेली भाकरी अंगावर सांडलेली आणि मी तिच्यावर ओरडत होते. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. कोमट पाणी मागितलंत. आईची आवळून बसलेली उजवी मूठ त्यात भिजवली, एकेक बोट सोडवलं आणि नखं काढत बसलात. तळहातात नखांचे चार व्रण रुतले होते. रोज तिला पुसणारी मी, मला दिसले नव्हते. त्या हातानं तीस वर्षं विड्या वळल्या. तुम्हीही वळल्यात, म्हणून तुमचं लक्ष आधी बोटांकडे गेलं असेल.

निघताना तुम्हीच हसलात, "अगं, रेकी द्यायची राहिलीच की!" आणि मला हळूच म्हणालात, "आज ओरडू नको. उद्याचं उद्या बघू."

नंतर तुम्हीच सांगितलंत, हे रेकीच्या पाच वाक्यांतलं, आणि ती वाक्यं रेकी सुरू करणाऱ्या जपानच्या मिकाओ उसुईंची. क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर १९२२ साली उपास करून बसले होते, तेच. सकाळ-संध्याकाळ हात जोडून म्हणायचं: केवळ आज रागावू नकोस, काळजी करू नकोस, उपकार मान, काम मन लावून कर, सगळ्यांशी मायेनं वाग. पहिल्यात मी आठवड्यातून चारदा तरी नापास होते. पण 'आजपुरतं' म्हटलं की जमेलसं वाटतं. जन्मभर रागवायचं नाही म्हणाले असते, तर मी त्याच दिवशी नाद सोडला असता.

आईचा हात हललेला नाही. गोळ्या चालू आहेत, तुम्हीच रोज विचारता. एक पैसा घेत नाही तुम्ही. आमच्या पेठेत अशी माणसं अजून आहेत, त्यांच्या दारावर बोर्ड नसतो, इतकंच.

आता दर रविवारी आईची नखं मी काढते. परवा तिनं आपणहून डावा हात पुढे केला.

सोबत शेंगाचटणी पाठवतेय, मीच कुटलेली. डबा रिकामा देऊ नये म्हणतात, पण तुम्ही रिकामाच द्या. आजपुरता तरी.

तुमची,
शेजारच्या वाड्यातली