शेडची जुनी जाळी पाठवा

सातारा,
रविवार, २१ जून

ती. आई आणि ती. आप्पा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आप्पा "बरं हाय" च्या पुढे जात नाहीत आणि आई, तू तिसऱ्यांदा तेच विचारलंस, सरांच्या जागी तुला केलं का, म्हणून लिहूनच कळवते. पत्र शेजारच्या पोराकडून वाचून घ्या. डोळ्यांत थेंब घालायचे चालू आहेत तोवर आप्पांनी चष्मा लावून बसायचं नाही.

तर हो, आमचे हॉकीचे मोठे सर ३१ मेला रिटायर झाले. आणि हो, त्यांच्या जागी मला केलेलं नाही.

संस्थेनं ठरवलं की मुख्य प्रशिक्षकाकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एनआयएसचा, डिप्लोमा पाहिजे. माझ्याकडे बी.पी.एड. आहे, सरांच्या हाताखालची नऊ वर्षं आहेत, तो कागद तेवढा नाही. ज्या वर्षी जाणार होते त्या वर्षी आप्पांचा गुडघा निघाला. हे तुम्हाला लावून बोलत नाही, झालं ते झालं. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. कमिटीतल्या एकांनी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "तुम्ही काय, घरच्याच आहात." घरचं माणूस म्हणजे पंगतीला शेवटी बसणारं. आई, तुला हे वेगळं सांगायला नको.

नव्या मॅडम एकोणतीस वर्षांच्या आहेत. मला ताई म्हणतात. मी मॅडम म्हटलं की "नका हो म्हणू" म्हणतात, पण पोरींसमोर म्हणावंच लागतं. पहिले आठ दिवस मी कामापुरतंच बोलले. गोलकीपरच्या दोघींना घेऊन मैदानाच्या पार कडेला जायचे, किकरचे, म्हणजे कीपरच्या बुटांवरच्या जाड कवचाचे, पट्टे मोजायचे, तुटलेली बक्कलं बदलायची. मैदानाच्या मधे काय चाललंय ते बघायचंच नाही, असं.

मग एक दिवस झालं असं. मॅडमनी सगळ्या स्टिका ओळीनं मातीत आडव्या ठेवायला लावल्या आणि प्रत्येकीला आपापल्या स्टिकेशेजारी उभं केलं. एकेक उचलून कमरेला लावून बघायला लागल्या. आमची एक बारकी हाफ आहे, म्हणजे मधल्या ओळीत खेळणारी, वडूजकडची, नववीतली. तिच्यापाशी थांबल्या, टेप काढला. साडेसदतीस इंच. म्हणजे उंच गड्यानं वापरायची स्टिक. तिच्या मामेभावाची जुनी, घरात होती म्हणून आणलेली. पोरगी धावताना वाकली की मूठ पोटात टोचायची, म्हणून ती ताठ उभी राहून खेळायची, आणि ताठ राहिली की बॉल पायाखालनं निघून जायचा. मॅडमनी तिला साडेपस्तीसची दिली. चार दिवसांत पोरगी वाकली, मान वर झाली, डावीकडे कोण मोकळं आहे ते तिला दिसायला लागलं.

दोन वर्षं मी त्या पोरीला "मनगट ढिलं आहे तुझं" म्हणून ओरडत होते. सरही तेच म्हणायचे. टेप माझ्याच कपाटात होता, गोलच्या मापासाठी घेतलेला.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन नीट जेवले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मधल्या मैदानात उभी राहते.

आप्पा, तुम्ही फोनवर म्हणालात, गडी बदलला म्हणून द्राक्षबागेची जात बदलत नाही. खरं आहे. पण एप्रिलात तुम्ही खरड छाटणी करता तेव्हा बाग कशी दिसते? नुसती खोडं आणि ओलांडे, त्या तारेवरच्या आडव्या फांद्या. मागं एकदा पुण्याचे पाहुणे ती बघून "रोग पडला का हो?" म्हणाले होते, आठवतं? आमचं सध्या तसं चाललंय. मॅडमनी सगळं खाली आणलंय. सरांचं जुनं होतं, पाच पुढे, तीन हाफ, दोन बॅक. राइट इन, लेफ्ट आउट ही नावंसुद्धा पोरी त्यांच्याच तोंडची बोलायच्या. मॅडम म्हणतात बॉल गेला की पुढच्या तिघींनी तिथंच अडवायचं, मागं पळत यायचं नाही. पोरी अजून सवयीनं मागं पळतात. गेल्या रविवारी कॉलेजच्या मुलींशी सराव सामना खेळलो आणि ०-५ ने हरलो. पालक कुंपणाला टेकून उभे होते. एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाले, सर असते तर हे झालं नसतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. खरं सांगायचं तर सर असते तर ०-२ झालं असतं, पण पुढंही ०-२ च होत राहिलं असतं.

सरांबद्दल वाईट बोलायला जीभ वळत नाही. बूट नसलेल्या पोरींना त्यांनी स्वतःच्या पगारातून बूट घेतले. तुम्ही तुतीची वाकडी फांदी तासून मला पहिली स्टिक करून दिली होती, ती त्यांनी वर्गात फिरवली होती, "स्टिक मुळात तुतीचीच करतात, हिच्या वडलांना कोणी सांगितलं?" म्हणत. निरोपाच्या दिवशी त्यांनी बुटाच्या नाडीत ओवलेली शिट्टी मॅडमच्या हातात दिली, माझ्या नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, तुझ्याकडे आहे की तुझी. ते बरोबरच होतं, तरी लागलं.

आता टीमचं सांगते, आप्पांना त्यातच रस असणार.

यंदा सतरा वर्षांखालच्या गटातून आमची सेंटर हाफ बाहेर गेली. वयाची अट १ जानेवारीची, आणि हिचा जन्म २९ डिसेंबरचा. तीन दिवसांनी हुकली. दाखला तीनदा उलटून बघितला मी. तिच्या जागी मॅडमनी कॅप्टनला खाली आणलंय, जी चार वर्षं सेंटर फॉरवर्ड होती आणि गोल मारायची म्हणून गावात तिचे फ्लेक्स लागले होते. तिच्या वडलांचा फोन मला आला, मॅडमना नाही. (घरच्याच आहोत ना आपण.) म्हटलं, काका, तिला पुढं उभी केली की ती बॉलची वाट बघत बसते, मधे ठेवली की सगळा खेळ तिच्या हातून फिरतो. पटलं नाही त्यांना. मलाही पहिल्या दिवशी पटलं नव्हतं.

डावीकडे एक डावखुरी घेतलीय. हॉकीत डावरी स्टिक नसतेच, सगळ्यांना उजव्यानंच खेळायचं. पण स्टिकेच्या टोकाला वर डावा हात असतो आणि बॉल वळवायचं काम तोच करतो. या पोरीचं मनगट असं फिरतं की समोरची बॅक नुसती जमीन बघत राहते. हिट मात्र जमत नाही अजून.

आणि गोलकीपर. ते माझं खातं. जुनी कीपर अंगानं भरलेली आहे, अनुभवी आहे, पण गोल सोडून पुढं येत नाही. गोल बारा फूट रुंद असतो. आत उभी राहिलीस की मारणारीला तो सगळा दिसतो, दोन पावलं पुढं आलीस की तोच निम्मा होतो. हे तिला रोज सांगते. दुसरी दहिवडीकडची, आठवीतून आलेली, भीती नावाची गोष्टच माहीत नाही. लाल मातीत आडवी पडते, कोपरं सोलून घेते आणि उठून हसते. पण पायानं बॉल बाहेर काढायचा तो सरळ समोरच्या फॉरवर्डच्या स्टिकेवर देते. जिल्ह्याला कोण उतरणार ते अजून ठरलं नाही. मॅडम म्हणाल्या, ताई, हे तुम्ही ठरवायचं, मी विचारणारसुद्धा नाही. नऊ वर्षांत सरांनी मला हे कधी म्हटलं नव्हतं.

पॅडची जोडी मात्र एकच आहे. एकीच्या घामानं भिजलेले पॅड दुसरी बांधते. रात्री मी ते गॅलरीत वाळत टाकते आणि शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. अजिंक्यताऱ्यावर ढग टेकलेले असतात, दोन दोन दिवस काही वाळत नाही.

पोरींनी परवा मॅडमना विचारलं, कोच बदलला की टीम सुधारते का? मॅडमनी त्यांना भारताच्या मुलींचीच गोष्ट सांगितली. आप्पा, तुम्हाला टोकियो ऑलिंपिकची आठवण आहेच. सकाळी सातला ब्राँझची मॅच होती आणि तुम्ही फवारणीचा गडी बसवून ठेवला होता. ०-२ वरून आपण ३-२ केलं आणि शेवटी ग्रेट ब्रिटननं ४-३ ने घेतली. त्या टीमचे कोच होते डच, श्योर्द मरिन. २०१८ मध्ये हॉकी इंडियानं त्यांची आणि हरेंद्र सिंगांची अदलाबदल केली होती, मरिन पुरुषांकडून मुलींकडे आणि हरेंद्र मुलींकडून पुरुषांकडे. टोकियोनंतर मरिन गेले आणि त्यांच्या हाताखालच्या यानेका शॉपमन मुख्य झाल्या. आई, बघ, हाताखालच्या बाईला केलं होतं. पण जानेवारी २०२४ मध्ये रांचीला जपाननं ०-१ ने हरवलं, पॅरिस हुकलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. मग परत हरेंद्र. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, टीम आंतरराष्ट्रीय प्रो लीगमध्ये तळाला जाऊन बाहेर पडली आणि त्याच टीमनं सप्टेंबरात आशिया कपचं रौप्य आणलं. डिसेंबरात हरेंद्र गेले आणि यंदा जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा मरिन.

पोरी ऐकून गप्प झाल्या. मग ती वडूजची बारकी म्हणाली, "पण मॅडम, फाळके ताई तर तीच राहिली ना?" वैष्णवी फाळके म्हणजे यांच्या लेखी देवच. ती आणि ऋतुजा पिसाळ, दोघी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, आणि त्या आशिया कपला दोघी टीममध्ये होत्या. फलटणकडून येणाऱ्या पोरींना तर रस्त्यानं जाताना कोणीही विचारतं, काय गं, फाळकेसारखी होणार का? मॅडमना उत्तर सुचलं नाही. "चला, पाणी प्या," म्हणाल्या.

आमची अडचण वेगळीच आहे. आम्ही शिकतो मातीवर आणि वर गेलं की खेळावं लागतं टर्फवर, त्या कृत्रिम गवतावर. मातीत बॉल उसळतो, थांबतो, खड्यावरून वळतो. पोरींचे हात त्या हिशोबानं तयार होतात. टर्फवर तोच बॉल सरळ आणि निम्म्या वेळात येतो. गेल्या वर्षी विभागाला कोल्हापूरकरांसमोर पहिली दहा मिनिटं आमच्या बॅक नुसत्या उशिरा पोचत होत्या. म्हणून मॅडमनी शाळेच्या सभागृहाबाहेरच्या गुळगुळीत फरशीवर ट्रॅपिंग, म्हणजे येणारा बॉल स्टिकेनं थांबवणं, सुरू केलंय, टेनिस बॉलनं. शिपाईमामा वैतागलेत. मैदानावर पेनल्टी कॉर्नरला ड्रॅग फ्लिकचं, म्हणजे बॉल स्टिकेनं ओढून उचलून फेकायचं, नाव काढायचं नाही, साधी हिटच मारायची, पण ती पहिली हिट गोलमधल्या फळीच्या उंचीच्या वर गेली तर गोल धरत नाहीत. फळी अठरा इंचाची. आमच्या गोलला फळीच नव्हती! इतकी वर्षं अंदाजानं मारायचो. आता मी सुताराकडून करून घेतली. पहिल्यांदा बॉल फळीवर बसला तेव्हा धाड असा आवाज झाला आणि सगळ्या पोरी दचकल्या, मग रांग लावून प्रत्येकीनं एकेकदा वाजवून बघितली.

फळी झाली, जाळी राहिली. मागची जाळी इतकी फाटलीय की गोल झाला की बॉल थेट ओढ्यात. दोघी तिघींचा निम्मा सराव बॉल शोधण्यात जातो.

म्हणून आप्पा, आपल्या बेदाणा शेडवरची जुनी हिरवी जाळी, जी गुंडाळून माडीवर टाकलीय, ती द्या. बारा बाय आठ फुटांचे चार तुकडे निघतात का बघा. एका गोलला दोन, दुहेरी लावणार म्हणून. गोल सातच फूट उंच असतो, पण खाली फूटभर लोळायला पाहिजे, नाहीतर बॉल खालून निसटतो. बाजूचं मी इथं बघते. तुम्ही स्वतः शिडीवर चढायचं नाही. गड्याला चढवा आणि खाली खुर्ची टाकून बसा.

आई, तू म्हणालीस सोडून दे आणि तासगावात एखाद्या शाळेत बघ. यंदा तरी नाही. डिप्लोमाचा फॉर्म पुढच्या वर्षी भरीन म्हणते. मॅडमच म्हणाल्या भरा, त्या दिवसांत कीपरचं मी बघते. बेंदराला एक दिवस येऊन जाईन, बैलांना पुरणपोळी तुझ्याच हातची होऊ दे, माझ्यासाठी थांबू नकोस. पालखी लोणंद-फलटणला असेल तेव्हा त्या बाजूच्या पोरी येणारच नाहीत, तेवढे दिवस सराव ढिलाच असतो. साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, नंतरची नव्हे. डब्यावर मी लिहून चिकटवलंय ते काढू नकोस.

जाळी चुलतदादाच्या टेम्पोतून पाठवा, तो गुरुवारी साताऱ्याला येतो. आठच्या आत मैदानावरच ये म्हणावं, घरी नको. आणि उंदरांनी कुरतडलेली कड कुठली आहे त्यावर लाल चिंधी बांधा, ती आम्ही वरच्या अंगाला घेऊ.

तुमची,
धाकटी