मशीन बांधणाऱ्यांबद्दल पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात कणभौतिकीचं काही आलं की हेडिंगला 'देवकण' म्हणजे हिग्ज बोसॉन ठरलेला, पण तो ज्या मशीनमधी सापडला ती बांधणारे अन चालवणारे शास्त्रज्ञ वेगळेच असतात, अॅक्सलरेटर म्हणजे कणांना प्रचंड वेग देणारी मशीन, म्हणून अॅक्सलरेटर फिजिसिस्ट म्हणतात त्यांना, त्यांच्याबद्दल मी तरी कधी काही वाचलं नाही. मी परभणीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, पोरं विचारायलेत म्हणून लिहितोय.

देवकण सापडला ती जिनिव्हाजवळची २७ किलोमीटरची रिंग, एलएचसी, घ्या. त्यात १२३२ मोठी चुंबकं, एकेक १५ मीटर लांब अन ३५ टनाचं, उणे २७१ डिग्रीला थंड ठेवलेलं. ही धुडं अगदी बारीक फरकानं सरकवून जाग्यावर बसवायला जवळपास ७ हजार जॅक आपल्या देशातून गेले, इंदूरच्या आरआरकॅट या सरकारी संशोधन केंद्रानी ते काम पाहिलं. ट्रॉलीला जॅक लावून टायर बदलणारी आमची पोरं हे ऐकून दोन-दोनदा विचारतात, खरंच का सर?

१० सप्टेंबर २००८ ला मशीन सुरू झाली अन नवव्या दिवशी दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड जळाला, चुंबकं थंड ठेवणारा हेलियम टनावारी बाहेर आला, वर्षाच्या वर दुरुस्ती चालली. विहिरीवरच्या मोटरीचा जॉइंट जळल्यावर काय होतं ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. त्याच बोगद्यात आधी जी मशीन होती तिच्यात बीमची, म्हणजे कणांच्या झोताची, ऊर्जा दिवसभरात थोडी थोडी बदलायची, १९९२ मधी लक्षात आलं की हे चंद्रामुळं, समुद्रासारखी जमिनीलाही भरती येते अन अख्खी रिंग मिलिमीटरभर ताणली जाते. हे सांगताना मागचा बाक पण गप बसतो.

अन माझ्या आईला रेडिएशन दिलं ती लिनॅक, ते पण अॅक्सलरेटरच. वेगानं नेलेले इलेक्ट्रॉन टंगस्टनवर आदळतात, त्यातून एक्स-रे निघतात. आई आत एकटी पडलेली, मशीनचा हात तिच्याभोवती फिरायचा, आम्ही बाहेर. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी एक ताई डोस मोजायच्या, त्यांनी हो म्हटल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. त्या डॉक्टर नव्हत्या, फिजिक्स शिकलेल्या होत्या.

तुमच्या करिअर पुरवणीत नीटचे कटऑफ पानभर असतात, असू द्या, पण अॅडमिशनच्या आधी एक पान इंदूरच्या इंडस-२ वर, कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे आपल्याच देशातल्या अॅक्सलरेटरांवर द्या, तिथं काम करणाऱ्यांना बोलतं करा. औंढ्याजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे, ते अॅक्सलरेटर नाही, पण किलोमीटरच्या किलोमीटर नळ्यांमधी व्हॅक्यूम धरायचं काम याच जातीचं. मागच्या आठवड्यात बारावीच्या एका पोरीनं विचारलं की तिथं जायला बीएस्सीनंतर काय करावं लागतं. मी मला माहीत तेवढं सांगितलं, बाकीचं तुम्ही छापा.

आपला,
एक फिजिक्सचा मास्तर, परभणी