‘ट्रान्स’ आठवा, मग नववा कुठे गेला?

मा. संपादक,
स. न.

रॉक गायक नील यंगच्या ऐंशीच्या दशकातल्या अल्बमची चाहत्यांनी लावलेली क्रमवारी कालच्या पुरवणीत वाचली. ‘फ्रीडम’ पहिला, त्याबद्दल माझं भांडण नाही. 1989 साली तो आला तेव्हा आम्ही सगळ्यांनीच ‘सुटलो बुवा’ म्हटलं होतं. ‘ट्रान्स’ मात्र अगदी तळाला, आणि शेजारी शेरा काय, तर ‘यंत्राच्या नादी लागलेला माणूस’. एका ओळीत निकाल! त्याच यादीत ‘रिअॅक्टर’ पाचवा. त्यातलं एक गाणं नऊ मिनिटं चालतं आणि सांगतं एवढंच की कुस्करलेले बटाटे आहेत, मांसाचा तुकडा नाही. पुन्हा बटाटे, पुन्हा मांस. मला ते गाणं आवडतं. पण मग यंत्र कोण आणि माणूस कोण, हे या जाणकारांनी एकदा आपसात ठरवून घ्यावं.

‘ट्रान्स’ला नावं ठेवणाऱ्यांपैकी किती जणांनी तो शेवटपर्यंत ऐकलाय, याची मला दाट शंका आहे. शंकेचं कारण घरचंच आहे.

तो निघाल्यावर दोनेक वर्षांनी मला त्याची कॅसेट मिळाली. पहिलं गाणं साध्या आवाजातलं, त्यामुळे दादा पाय हलवत ऐकत होता. दुसऱ्या गाण्यात व्होकोडरमधून, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून, तो पत्र्यासारखा आवाज आला आणि दादाने खटकन बटण दाबलं. ‘टेप ताणली गेलीय.’ नंतर म्हणाला, ‘नाही, हेडवर मळ आहे.’ स्पिरिटमध्ये कापूस बुडवून त्याने प्लेअरमधलं टेप वाचणारं हेड पुसलं, रबरी रोलर पुसला, आणि तपकिरी झालेला बोळा माझ्या नाकासमोर धरला. पुन्हा लावलं. तोच आवाज. मग कॅसेटचे पाच बारके स्क्रू काढून वर्तमानपत्रावर मांडले, टेपचं रीळ बोटाने फिरवून पाहिलं, सगळं परत बसवलं. तोच आवाज.

मी म्हटलं, ‘अरे दादा, ते गाणंच तसं आहे.’

‘नील यंग असं गाणार नाही. तू गप्प बस गं.’

आठवड्याने बघते तर कॅसेटच्या मागच्या खाचेवर चिकटपट्टी (ती लावली की भरलेल्या कॅसेटवरही नवं रेकॉर्ड करता येतं), आणि पहिल्या बाजूवर ‘हार्वेस्ट’. यंगचाच, 1972 चा, दादाचा लाडका. वर मलाच ऐकवलं, ‘खराबच होती, कामाला आणली.’ फक्त त्याचा हिशेब जरा चुकला होता. ‘हार्वेस्ट’ची पहिली बाजू ‘ट्रान्स’च्यापेक्षा दीडेक मिनिट तोकडी पडते. त्यामुळे ती संपली की एक बारीकसा खरखराट, आणि पाठोपाठ ‘ट्रान्स’मधल्या ‘कॉम्प्युटर काउबॉय’ गाण्याचं उरलेलं शेपूट: यंत्राच्या गळ्यातून गुरं हाकणारा तो गुराखी. दादा प्लेअर बंद करायला धावायचा. मी तेवढ्यासाठीच अख्खी बाजू ऐकायची.

एकट्या दादाला तरी का बोल लावू? 1983 साली यंगचे अल्बम काढणाऱ्या गेफेन या रेकॉर्ड कंपनीनेच त्याच्यावर 33 लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रार हीच, की हे अल्बम आधीच्या नील यंगसारखे वाटत नाहीत आणि खपण्याजोगेही नाहीत. आमच्याकडे कोर्टकचेरी झाली नाही, चिकटपट्टीवर भागलं.

आणि तो आवाज काय होता? यंगच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार होता, बोलता येत नव्हतं. ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ हे गाणं त्या मुलासाठी आहे. नऊपैकी सहा गाण्यांत व्होकोडर आहे आणि त्यात शब्द धड उमगत नाहीत. मुलाला काय म्हणायचंय ते बापाला जसं उमगत नसे, तसंच. हे यंगने नंतर स्वतः सांगितलं. तेव्हाच्या ऐकणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं, त्यांना सगळं माफ. तुमच्या जाणकारांना चाळीस वर्षं मिळाली होती.

1993 साली यंगचा ‘अनप्लग्ड’ हा अल्बम आला. त्यात हेच ‘ट्रान्सफॉर्मर मॅन’ आहे, पण व्होकोडरशिवाय, त्याच्या नेहमीच्या त्या थरथरत्या गळ्यात. दादाने ते दोनदा मागे नेऊन ऐकलं. डोळे पुसले नाहीत, पण चष्मा पुसला. ‘हे नवीन गाणं कुठलं गं? असं लिहावं माणसाने.’

‘दादा, हे तू पुसलेलं गाणं.’

‘शक्यच नाही,’ म्हणाला. आजही तेच म्हणतो. काल तुमचं पान उघडून, बोट ठेवून मला दाखवलं, ‘बघ, सगळे काय म्हणतायत.’ हे पत्र त्यामुळेच.

आता जाता जाता. मथळ्यात ‘दशकातले सगळे अल्बम’ आणि यादीत आठच! ‘हॉक्स अँड डव्ज’ कुठे आहे? तो 1980 चा. हे साल तुमच्या कार्यालयात कोणत्या दशकात धरतात ते एकदा छापावं. ‘एव्हरीबडीज रॉकिन’ हा जेमतेम पंचवीस मिनिटांचा अल्बम सहाव्या जागी बसतो आणि ‘हॉक्स अँड डव्ज’ला बसायला पाटसुद्धा नाही? फोटोही सत्तरच्या दशकातला लावलाय. तो दादाने निवडून दिला असता तर समजलं असतं.

माझ्या मागच्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण कापला होता. या वेळी जागा कमी पडली तर कृपया ‘रिअॅक्टर’बद्दलचा मजकूर कापावा. दादाचा कापू नये, तो आपल्याकडचाच अंक घेतो.

कळावे,
आपली एक जुनी वाचक