काका, तुमचा डबा परत करायचाय

प्रिय काका,

परवा फोनवर धड बोलता आलं नाही, घसा दाटून आला. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

जूनमध्ये सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं. बाल्कनीतल्या टबात माझी झुरळं आहेत, मी पाळलेल्या खंडोबाच्या घोड्यांचं (म्हणजे पुढचे पाय जोडून बसणाऱ्या हिरव्या प्रार्थना-किड्यांचं, मँटिसचं) खाणं आहे ते, असं मी दोनदा बजावलं होतं. 'हो हो' म्हणाले आणि बाल्कनीपर्यंत फवारून गेले. दोन वर्षं वाढवलेली झुरळं सकाळी उताणी पडलेली. घोडा मेलेलं खात नाही, समोर हलणारं लागतं. आणि त्या विषातलं एखादं अर्धमेलं घातलं असतं तर घोडेही गेले असते. एका विक्रेत्याने फोनच उचलला नाही. दुसऱ्याने पैसे घेऊन स्वयंपाकघरातली जर्मन झुरळं पाठवली, ती झाकण उघडताच काचेवरून चढून पसार झाली. बाकीचे हसले. झुरळं मेली म्हणून रडतोस?

तुम्ही हसला नाहीत. "घोडे किती? शेवटचं कधी खाल्लं?" एवढंच विचारलंत आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात कल्याणहून दादरला आलात, लोकलच्या गर्दीत डबा पोटाशी धरून. झाकणाला बारीक भोकं, आतून मलमलीचं फडकं, ओलसर कोकोपीटमध्ये वीस सुरिनाम झुरळं. आणि वर गाजराची एक चकती. मी त्या चकतीकडेच बघत राहिलो. "तासाभराचा प्रवास, त्यांनाही तहान लागते," म्हणालात.

ज्यांना सगळं शहर चपलेने मारतं त्यांच्या तहानेचा विचार करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शिकलेली, पैसेवाली माणसं खूप भेटली हो काका, अशी फार थोडी.

नाव सुरिनामचं असलं तरी ही मूळची आपल्या आशियातलीच, हेही तुम्हीच सांगितलंत. सगळ्या माद्या, नर लागतच नाही, अंडी पोटातच उबवून थेट पिल्लं देतात. मातीत दडी मारतात म्हणून घोड्यांना चिमट्याने भरवतो. परवा कोकोपीट हलक्या हाताने उकरलं तर खाली तांदळाच्या कणीएवढी पांढुरकी पिल्लं वळवळत होती. तेव्हाच तुम्हाला फोन लावला.

तिन्ही घोडे जगले. मोठीने काल कात टाकली.

डबा आईने घासून ठेवलाय, पण रिकामा परत द्यायचा नाही म्हणते. नारळाच्या वड्या चालतील ना? येत्या रविवारी कल्याणला येतो.

तुमचा,
परळचा घोडेवाला