दीदी नोकरीवर गेल्यानंतरचा संघ

॥ श्री ॥

इंदूर, रविवार

चि. सईस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या बास्केटबॉलच्या सराव सामन्यांच्या स्कोअरशीटचे फोटो मिळाले आणि काल जेवणानंतर मी ते सावकाश, एकेक क्वार्टर करत वाचले. फोनवर तू फार थोडे बोललीस. ‘बाबा, दीदी नाही तर आमचा संघच उरला नाही’, एवढे म्हणालीस आणि फोन आईकडे द्यायला सांगितलास. तुझ्या या वाक्याला फोनवर घाईने उत्तर देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सवडीने वाच, आणि पटेल तेवढे तुमच्या सरांशी बोलून घे.

प्रथम तुमच्या दीदीविषयी, तुमच्या संघाच्या मुख्य खेळाडूविषयी. ती रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून रुजू झाली, नियमित विद्यार्थिनी राहिली नाही, आणि त्यामुळे विद्यापीठाकडून तिला आता खेळता येणार नाही, याचे तुला वाईट वाटते हे मी समजतो. पण ऐन मोसमात तिने संघाला सोडले, असे जे तुमच्यापैकी काहीजणी बोलतात, त्यात तू आपला स्वर मिसळू नकोस. आपल्या देशात बास्केटबॉल खेळून घराला हातभार लावता येईल असे मार्ग मुलींसाठी फार थोडे आहेत, आणि त्यांत रेल्वेची नोकरी हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. भारताची कर्णधार राहिलेली गीतू ॲना जोस हीसुद्धा रेल्वेचीच खेळाडू होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या संघांनी तिला चाचणीसाठी बोलावले, तेव्हा असे बोलावणे आलेली ती पहिली भारतीय मुलगी ठरली. तुमच्या दीदीने धाकट्या भावाच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली आहे, हे तूच मला दिवाळीत सांगितले होतेस. नोकरीचा कागद हातात आल्यावर तिने स्पर्धेसाठी थांबावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आणि महाविद्यालयाचा संघ म्हटला की त्यातली प्रत्येक मुलगी दोन-तीन वर्षांनी जाणारच असते. तुमच्या वाट्याला ते जरा आधी आणि जरा अचानक आले, एवढेच.

आता स्कोअरशीटकडे वळतो. गुणलेखक म्हणून टेबलाशी बसून इतकी वर्षे हे कागद भरल्यामुळे मला त्यांत सामना दिसतो. गेल्या वर्षीच्या तुमच्या शीटवर तीन गुणांच्या बास्केटची वर्तुळे जागोजागी असत, आणि त्यांतली बहुतेक त्या आणंदच्या मुलीच्या क्रमांकाभोवती असत. या वेळी तिच्या क्रमांकाभोवती जवळजवळ वर्तुळच नाही. तिचा हात बिघडला आहे असे तुम्हाला वाटत असेल, कदाचित तिलाही तसेच वाटत असेल. माझे मत वेगळे आहे. दीदीच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघातल्या दोघीजणी तिच्याकडे धावत. पाचांतल्या दोघी एकीवर गेल्या की उरलेल्या तिघींना तुम्हा चौघींना सांभाळावे लागे, आणि मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीला पाय जुळवून, समोर कोणाचा हात नसताना, निवांत शॉट घेता येई. तो शॉट तिचा होता हे खरेच आहे, पण त्यासाठी लागणारी मोकळी जागा दीदीमुळे निर्माण होत असे. आता दोघींनी मिळून धरावे असे तुमच्यात कोणी नाही, म्हणून प्रत्येकीसमोर एकेक बचाव करणारी मुलगी कायम उभी आहे. परिणाम असा की, जे शॉट तुम्ही गेल्या वर्षी घेत होतात तेच शॉट, त्याच जागेवरून, आता अवघड झाले आहेत. हे त्या मुलीला नीट समजावून सांग, कारण चांगल्या नेमबाजाच्या मनात एकदा स्वतःच्या हाताविषयी शंका शिरली की तो हात खरोखरच बिघडतो.

शीटवरची दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटली, आणि ती तुझ्याविषयी आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुमच्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे तुझाच क्रमांक आहे, आणि त्याच क्वार्टरमध्ये तुझ्या नावापुढे फाउलही भरभर वाढलेले आहेत. यावरून मी जे चित्र जुळवले ते असे: संघ मागे पडला, दीदी अशा वेळी सामना हातात घेत असे हे तुला आठवले, आणि तू एकटीने चेंडू नेऊन बास्केटकडे घुसायला लागलीस. काही शॉट गेलेही. पण दर वेळी धावून दमल्यावर परत येऊन बचाव करताना पाय पोहोचेनात, म्हणून हात पोहोचू लागले, आणि शिट्टी वाजू लागली. पाचव्या फाउलला तू बाहेर बसलीस की त्या संघात चेंडू पुढे नेणारी कोण उरते, याचा विचार कर. तू दीदीसारखी उंच नाहीस, तिच्यासारखी डाव्या हाताने घुसणारीही नाहीस. तुझी ताकद पास पाहण्यात आहे. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये उन्हाळी शिबिरात तू पहिल्यांदा खेळायला लागलीस, तेव्हापासून चेंडू हातात येण्यापूर्वीच तुझी मान वळलेली असे, हे मी पाहत आलो आहे. दीदीच्या जागी उभी राहिलीस म्हणून ही नजर मिटून घेऊ नकोस.

तुमच्या सरांनी तुम्हाला मॅजिक जॉन्सनची गोष्ट सांगितली, असे तू लिहिले होतेस. ती गोष्ट खरी आहे आणि उत्तम आहे. १९८० च्या एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या, अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार पाचव्या सामन्यात घोटा मुरगळून जायबंदी झाला, सहाव्या सामन्यासाठी तो फिलाडेल्फियाला गेलाच नाही, आणि वीस वर्षांच्या, पहिल्याच मोसमात खेळणाऱ्या जॉन्सनने गार्ड (चेंडू पुढे नेणारा) असूनही सेंटरच्या (बास्केटपाशी खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) जागी उभे राहून सुरुवात केली. त्याने ४२ गुण केले, १५ रिबाउंड घेतले, म्हणजे हुकलेले शॉट झेलले, ७ असिस्ट, म्हणजे बास्केट करून देणारे पास, दिले, आणि संघ १२३–१०७ असा जिंकून विजेता झाला. ही गोष्ट सांगताना लेकर्सच्याच जमाल विल्क्सचे नाव मात्र बहुधा गाळले जाते. त्याने त्याच सामन्यात ३७ गुण केले होते. करीमचे काम एकट्याने उचलले गेले, असे त्या सामन्याच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. शिवाय तो एक सामना होता, एक संध्याकाळ होती; समोरच्या संघाला उत्तर शोधायला पुढचा सामना मिळालाच नाही.

याच्या उलट उदाहरण महाविद्यालयीन खेळातले आहे, आणि ते तुमच्या परिस्थितीला जास्त जवळचे आहे. २००० साली सिनसिनाटी विद्यापीठाचा संघ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. मार्च महिन्यात, राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली असताना, त्यांचा मुख्य खेळाडू केनियन मार्टिन याचा पाय मोडला. बाकीचे खेळाडू तेच होते, प्रशिक्षक तोच होता, तरी तो संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत हरला. त्या मुलांमध्ये जिद्द कमी होती असे मी मानत नाही. वर्षभर एका माणसाभोवती बसवलेला खेळ मोडून नवा बसवायला त्यांच्याजवळ जेमतेम काही दिवस होते. तुमच्याजवळ विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत काही आठवडे आहेत, आणि म्हणूनच ते आठवडे कोणीतरी नवी दीदी होईल का हे पाहण्यात घालवू नका, असे मी आग्रहाने लिहीत आहे.

माझ्या मते तुम्ही सगळ्यांनी वसतिगृहात एकदा शांतपणे बसून, दीदी मैदानावर नेमके काय काय करत असे, हे एकमेकींना विचारावे. गुण सगळ्यांना आठवतील. पण तिची बाकीची कामे स्कोअरशीटवर उतरतच नाहीत, कारण त्यांना तिथे रकानाच नाही. बचाव करताना ‘स्क्रीन येतेय’, म्हणजे वाट अडवायला समोरची मुलगी उभी राहते आहे, हे कोण ओरडत असे? फास्ट ब्रेक, म्हणजे समोरच्या संघाचा झपाट्याचा हल्ला, थांबवण्यासाठी सर्वांत आधी मागे कोण पळत असे? पंचांशी कोण बोलत असे, आणि चिडलेल्या मुलीला बाजूला कोण नेत असे? ही सगळी कामे एकाच मुलीच्या अंगवळणी पडली होती, म्हणून ती वेगवेगळी कामे आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही. ती वाटून घेता येतात. बोलण्याचे काम, मला विचारशील तर, तुझ्याकडे न ठेवता तुमच्या सेंटरकडे द्यावे. ती बास्केटपाशी सर्वांच्या मागे उभी असते आणि पूर्ण मैदान तिच्यासमोर असते. ती स्वभावाने अबोल आहे हे मला ठाऊक आहे, पण ‘डावीकडे स्क्रीन’, ‘मी मागे आहे’ एवढे शब्द सरावात रोज मोठ्याने म्हणायला लावले तर अबोल मुलगीही शिकते. तुमच्यात गुजराती, हिंदी आणि मराठी बोलणाऱ्या मुली आहेत, तेव्हा हे शब्द कोणत्या भाषेतले असतील तेही आधीच ठरवून घ्या. शॉट घेण्यासाठी मिळणाऱ्या चोवीस सेकंदांत अर्थ विचारायला सवड नसते.

प्रतिस्पर्धी आता तुमच्यावर पूर्ण मैदानभर प्रेस लावणार, म्हणजे चेंडू तुमच्या हाती येताच तुम्हाला घेरणार, याविषयी मला शंका नाही. चेंडू सांभाळणारी मुख्य मुलगी गेली हे त्यांनाही कळले असणार, आणि आठ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडता आली नाही की चेंडू त्यांचा. अशा वेळी एकटीने ड्रिबल करत दोघींमधून वाट काढण्याचा मोह होतो, तो तू टाळ. तुझ्याबरोबर आणखी एक मुलगी चेंडू आणण्यासाठी तयार ठेवा आणि तिसरीला मैदानाच्या मध्यवर्तुळाजवळ उभी करा, म्हणजे तुला घेरले तरी पास द्यायला समोर चेहरा दिसेल. पुढे गेल्यावर घाई करू नका. दीदी असताना तुमचा शॉट आठ-दहा सेकंदांतच होत असे, कारण ती स्वतः वाट काढत असे. आता मोकळी जागा पासमधून निर्माण करावी लागेल: चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, आणि दरम्यान एकीने दुसरीसाठी लावलेला स्क्रीन. यासाठी घड्याळातले सोळा-अठरा सेकंद गेले तरी हरकत नाही. खेळ असा संथ झाला की दोन्ही संघांच्या वाट्याला चेंडू कमी वेळा येतो, आणि गुण करणारी मोठी खेळाडू ज्या संघात नाही त्या संघाला हे सोयीचेच असते.

फ्री थ्रोविषयी, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटविषयी, मी थोडे अधिकच लिहिणार आहे, कारण तुमच्या शीटवर तिथे सर्वांत जास्त नुकसान दिसते. दीदी गेल्यामुळे बाकीचे सगळे शॉट अवघड झाले. फ्री थ्रो मात्र जसा होता तसाच आहे. रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर, बास्केट ३.०५ मीटर उंचीवर, आणि समोर कोणी नाही. शिवाय एका क्वार्टरमध्ये समोरच्या संघाचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावातल्या फाउलला तुम्हाला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे क्वार्टरच्या उत्तरार्धात चेंडू बास्केटजवळ नेण्याचे मोल वाढते. सरावाच्या सुरुवातीला ताज्या पायांनी फ्री थ्रो मारणे पुरेसे नाही. सराव संपताना, धाप लागलेली असताना मारा. सामन्यात ते तशाच अवस्थेत मारावे लागतात.

त्या पहिल्या वर्षाच्या मुलीविषयी तू लिहिलेस की तिच्या हातून पास निसटतात आणि सगळ्या तिच्याकडे पाहतात. रातोरात पाचांत उभी केलेली ती मुलगी कोणाच्या जागेवर खेळते आहे हे तिला प्रत्येक क्षणी जाणवत असणार. तिच्या हातून चेंडू सुटला तर पुढच्याच हल्ल्यात पहिला पास तिलाच दे. सांत्वनाचे चार शब्द बोलण्यापेक्षा याचा तिला जास्त उपयोग होईल, आणि तो पास देणे हे आता चेंडू ज्याच्या हातात असतो त्या खेळाडूचे, म्हणजे तुझे, काम आहे. रविवारी तिला कमाटीबागेत फिरायला घेऊन जा. तिला खेळाविषयी काही शिकवू नकोस, नुसती सोबत कर.

शेवटी एक काम सांगतो, ते याच आठवड्यात कर. दीदीला फोन कर. तुमच्या विभागातल्या बहुतेक संघांशी ती खेळलेली आहे. कोणता संघ झोन लावतो, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी एकेक जागा राखतो, कोणाची गार्ड उजवीकडेच जाते, कोणती सेंटर दोन फाउलनंतर घाबरून मागे उभी राहते, हे सगळे तिच्या डोक्यात आहे. रुजू झाल्यापासून तुमच्यापैकी कोणी तिला फोन केला नाही, असे तुझ्या बोलण्यावरून वाटले. नव्या शहरात, नव्या संघात तीही सर्वांत नवी असेल. आधी तिची विचारपूस कर, मग वही घेऊन बस आणि एकेका संघाविषयी विचारून लिहून घे. ती आनंदाने सांगेल, असा मला विश्वास आहे.

आईने तुझ्यासाठी शेव आणि मेथीचे लाडू बांधून ठेवले आहेत. शेजारचे काका बुधवारी वडोदऱ्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. डबा फतेगंजच्या वसतिगृहावर आला की सगळ्यांना वाटून दे. पुढच्या सामन्याची शीट पाठवायला विसरू नकोस, आणि या वेळी प्रत्येकीच्या क्रमांकापुढे तिचे नाव लिहून पाठव.

तुझे,
बाबा