कशेडी घाटातल्या त्या दोघांचे आभार

मे महिन्यातली भर दुपार. कशेडी घाट चढताना बाबांची 1970 सालची फियाट आचके देऊन बंद पडली. मागे ऐंशी वर्षांची आई. मी घाबरून स्टार्टरवर स्टार्टर मारत होतो.

मागून आलेला ट्रक थांबला. क्लीनर पोरानं काही न विचारता आधी चाकांना दगड लावले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "स्टार्टर मारू नका, बॅटरी उतरेल. काही बिघडलं नाही, उन्हानं पेट्रोलची वाफ झालीये. पंप ओढत नाही." खांद्यावरचा पंचा भिजवून त्यांनी पंपाभोवती गुंडाळला. सुकला की पुन्हा पाणी. तेही त्यांच्या पिण्याच्या कॅनमधलं! पोरानं आईला ट्रकच्या सावलीत बसवून कलिंगडाची फोड दिली.

वीसेक मिनिटांनी गाडी सुरू झाली. पैसे घेईनात. काकांनी फक्त स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावरून हात फिरवला, "आमच्या वडिलांची टॅक्सी अशीच होती." घाटमाथ्यापर्यंत ट्रक आमच्या मागेच ठेवला.

काका, नाव विचारायचं राहूनच गेलं. मनापासून आभार. तुमचा पंचा अजून गाडीतच आहे, धुऊन ठेवलाय.